मेसचा खाडा आणि पाच माणसं: इंटरॅक्शन डिझाइनचं पहिलं असाइनमेंट कसं करायचं

इंटरॅक्शन डिझाइनचं पहिलं असाइनमेंट मिळालं की बहुतेक विद्यार्थी त्याच रात्री फिग्मा हे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर उघडतात आणि सकाळपर्यंत वीस-पंचवीस रंगीत स्क्रीन उभ्या करतात. पोस्टर, लोगो, मांडणी यांचा सराव असतो, त्यामुळे हात तिकडेच वळतो. पण पोस्टर छापलं की ते तसंच राहतं. इथे माणूस काहीतरी करतो, समोरची वस्तू त्याला उत्तर देते, ते उत्तर वाचून तो पुढचं पाऊल टाकतो. ही देवाणघेवाण कोणत्या क्रमाने होते, किती वेळात होते आणि मध्येच फिसकटली तर काय होतं, हे ठरवणं हे तुमचं काम. स्क्रीन कशी दिसते हा त्यातला शेवटचा टप्पा, आणि खरं तर सगळ्यात सोपाही.

या विषयाला हे नाव 1980च्या दशकाच्या मध्यावर मिळालं. बिल मॉगरिज हे औद्योगिक डिझायनर. 1982 साली आलेला ग्रिड कंपास हा घडीचा संगणक त्यांनी आकाराला आणला. तो स्वतः वापरायला घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बिजागरी आणि डबा विसरायला होतं, सगळं लक्ष पडद्यावर काय घडतंय तिकडेच जातं. डिझायनर बिल व्हरप्लँक यांच्यासोबत त्यांनी या कामाला ‘इंटरॅक्शन डिझाइन’ म्हणायला सुरुवात केली. व्हरप्लँक यांचे तीन प्रश्न आजही पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतात: माणूस हे करणार कसं? झालं की नाही हे त्याला जाणवणार कसं? आणि पुढे काय करायचं हे त्याला कळणार कसं? वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक अडचण या तिघांपैकी एकात बसते.

विषय बारीक घ्या

‘शहरातली वाहतूक’ किंवा ‘आरोग्य अ‍ॅप’ असे विषय पहिल्या खेपेला घेऊ नका. एक माणूस, एक काम, दोन मिनिटांत संपणारं, आणि वापरणारी माणसं तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली, एवढं पुरे. या लेखापुरतं आपण मेसचा खाडा घेऊ: उद्या जेवायला येणार नाही, हे मेसला कळवणं. पुण्या-मुंबईत, नागपुरात, संभाजीनगरात शिकायला आलेल्या कुणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कूपन, नाहीतर जाता जाता ‘काका, उद्या नाहीये मी’ असं ओरडून सांगणं, यांपैकी काहीतरी प्रत्येक मेसमध्ये चालू असतं. म्हणजे बघायला खरी पद्धत आहे, तिच्यात खऱ्या भानगडी आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं भेटतात. हे शेवटचं महत्त्वाचं. फक्त विद्यार्थ्याची बाजू बघून केलेलं डिझाइन स्वयंपाकघरात जाऊन आपटतं.

आधी जाऊन बघा, मग विचारा

मेसवाल्या काका-मावशींची परवानगी घ्या. गर्दीच्या वेळी पाऊण तास आणि गर्दी ओसरल्यावर अर्धा तास बसा. पहिल्या फेरीत प्रश्न विचारू नका, नुसतं टिपा: खाडा कोण, कुठे, कोणत्या शब्दांत सांगतं, काका ते लगेच लिहितात की लक्षात ठेवतात, वही कुठे असते, पेन जागेवर सापडतं का. वहीच्या पानाचा फोटो परवानगीनेच काढा आणि नावं झाकून.

दुसऱ्या फेरीत विचारा, पण ‘असं अ‍ॅप असेल तर वापराल का?’ हे कधीच नाही. समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि त्या ‘हो’ला काडीचीही किंमत नसते. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा: ‘मागचा खाडा कधी टाकला होता? नेमकं काय केलं? महिन्याच्या हिशेबात तो धरला गेला का?’ शेवटच्या प्रश्नावर माणसं मोकळी होतात, कारण भांडण तिथेच असतं.

काकांना मुदतीबद्दल विचारा. समजा दुपारच्या जेवणाचा खाडा सकाळी 8 पर्यंतच चालतो. हा नियम आकसाने केलेला नसतो. त्यानंतर भाजी आणायला निघायचं असतं, तांदूळ मोजायचे असतात, कणीक भिजवायची असते. मुदतीमागचं कारण कळलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

या टप्प्यावरची नेहमीची चूक म्हणजे काल्पनिक माणूस रंगवणं: ‘राहुल, वय 21, कॉफी आवडते.’ राहुलला कॉफी आवडते याने खाड्याचं काहीही बदलत नाही. त्यापेक्षा पाहिलेल्या दहा गोष्टी दहा चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येक चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली की कुणी सांगितलेली याची खूण.

क्रम आणि अवस्था

आता एका कागदावर सगळं सुरळीत पार पडलं तर काय होतं ते लिहा. उघडलं, उद्याची दुपार निवडली, खाडा टाकला, नोंद झाल्याचं कळलं. चार ओळी. विद्यार्थ्याचं काम बहुतेकदा इथेच थांबतं. डिझाइन इथून सुरू होतं.

दुसऱ्या कागदावर एका जेवणाच्या शक्य तितक्या अवस्था उभ्या मांडा: येणार, खाडा पाठवला जातोय, खाडा नोंदला, पाठवता आला नाही, मुदत संपली, मेसलाच सुट्टी. त्यांच्यासमोर आडवे प्रसंग लिहा: बटण दाबलं, पुन्हा दाबलं, नेट गेलं, 8 वाजले, अ‍ॅप बंद करून परत उघडलं. आता प्रत्येक चौकोनात ‘काय होईल’ ते भरा. सहा गुणिले पाच, म्हणजे तीस चौकोन. निम्मे तरी आधी रिकामेच राहतील. त्या रिकाम्या चौकोनांत तुमचं खरं काम आहे.

एक चौकोन जवळून बघू: ‘पाठवला जातोय’ आणि ‘पुन्हा दाबलं’. खाडा टाकायला तुम्ही चालू-बंद होणारी खटकी ठेवली आहे. मुलाने ती दाबली, नेट मंद, दोन सेकंद काहीच हललं नाही. त्याला वाटलं लागलंच नाही, म्हणून त्याने पुन्हा दाबली. पहिल्या दाबाने खाडा पडला, दुसऱ्याने उठला. दुपारी ताट वाढलेलं, मुलगा गावी, आणि महिनाअखेर वाद. दोष नेटचा नाही, खटकीचा आहे: एकाच जागी दाबून एकदा हो आणि एकदा नाही होतं. उपाय दोन. दाबल्या क्षणी बटणाचं रूप बदलून तिथे ‘पाठवतोय…’ दिसावं आणि तेवढा वेळ दुसरा दाब घेतला जाऊ नये. आणि खाडा मागे घेण्याची कृती वेगळ्या जागी, वेगळ्या नावाने असावी.

वेळेचे तीन आकडे पाठ करा. 0.1 सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते आपल्या बोटानेच घडल्यासारखं वाटतं. 1 सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. 10 सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. म्हणजे सर्व्हरचं उत्तर उशिरा येवो, ‘तुमचा दाब मिळाला’ हे मात्र 0.1 सेकंदात दिसलंच पाहिजे.

दुसरा अवघड चौकोन: 7.59 ला दाबलं, संदेश 8.01 ला पोचला. खाडा धरायचा की नाही? याचं उत्तर पुस्तकात नाही, काकांकडे आहे. त्यांना विचारा, ठरवा आणि तो नियम स्क्रीनवर लिहा.

आधीपासून काय धरून चालायचं, हेही इथेच ठरतं. काहीच कळवलं नाही तर ‘येणार’ धरायचं की ‘नाही’? पहिल्यात एक ताट वाया जातं, दुसऱ्यात एक माणूस उपाशी राहतो. म्हणून ‘येणार’. अशी कारणं तक्त्याच्या समासात लिहून ठेवा.

बटणावरचे शब्द

शब्द शेवटी टाकायचे नसतात. खाड्याच्या उदाहरणात दोन ठिकाणी शब्दच घात करतात.

पहिलं ‘उद्या’. हॉस्टेलमधला मुलगा रात्री साडेबाराला अ‍ॅप उघडतो. त्याच्या डोक्यात ‘उद्या’ म्हणजे झोपून उठल्यावरचा दिवस. फोनच्या हिशेबाने तो दिवस ‘आज’ झालेला असतो. नुसतं ‘उद्या’ लिहिलंत तर खाडा एक दिवस पुढे पडतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा: ‘बुधवार 12, दुपार’.

दुसरं ‘रद्द’. खात्री करून घ्यायला तुम्ही एक खिडकी उघडता, ‘जेवण रद्द करायचं?’, आणि खाली तयार साच्यातली दोन बटणं ठेवता: ‘रद्द’ आणि ‘ठीक आहे’. आता कोणतं दाबायचं? बटणावर नुसतं होय-नाही न लिहिता कृती लिहा: ‘खाडा टाका’, ‘मागे जा’. त्याहून बरं म्हणजे ही खिडकीच काढून टाका. 8 वाजेपर्यंत खाडा मागे घेता येत असेल तर आधी खात्री विचारायची गरजच नाही. नोंद झाल्यावर तिथेच ‘मागे घ्या’ दाखवलं की झालं. खात्री तेव्हाच विचारा जेव्हा परतीची वाट नसते. दर वेळी विचारली तर माणूस न वाचता ‘हो’ दाबायला शिकतो.

लोक ‘खाडा’ म्हणतात, तर तुम्ही ‘भोजन अनुपस्थिती नोंदणी’ लिहू नका.

कागदी फोन

सामान: एक जाड कार्डशीट, दहा-बारा ए-फोर कागद, 3 इंची चिकट चिठ्ठ्या, काळा मार्कर, कात्री, गोंदाची कांडी, आणि मिळाली तर एक पारदर्शक ओएचपी शीट. पट्टी नको, पट्टीने आखलेल्या रेषा बघून समोरचा दबतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि चुका सांगत नाही.

साडेसहा इंची फोनचा पडदा साधारण 6.8 सेंमी रुंद आणि 15 सेंमी उंच असतो. कार्डशीटमध्ये त्या मापाची खिडकी कापा. स्क्रीन त्यामागून सरकवायच्या. बटणं निदान 1 सेंमी उंच काढा आणि जी बदलणार आहेत ती वेगळ्या चिठ्ठीवर. लिहायची जागा असेल तर वर ओएचपी शीट ठेवा, म्हणजे लिहून पुसता येतं. ‘पाठवतोय…’, ‘नेट नाही’, ‘मुदत संपली’ या चिठ्ठ्या आधीच करून ठेवा. चाचणीच्या मध्यात कापत बसलात तर समोरचा मोबाइल काढतो.

सात-आठ स्क्रीन पुरतात. एक संध्याकाळ लागते. हाताने केलेलं फेकून द्यायला जड जात नाही, हा कागदाचा मोठा फायदा. रात्रभर जागून केलेली फिग्माची फाइल मात्र माणूस पोटच्या पोरासारखी जपतो.

पाच माणसांसमोर

तिघं लागतात. एक जण बोलतो. एक जण ‘कॉम्प्युटर’ होतो: माणसाने बोट ठेवलं की चिठ्ठी बदलायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तिसरा लिहितो. आधी एका मित्रावर रंगीत तालीम घ्या. ती मोजायची नाही.

मग पाच माणसं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी हा आकडा रूढ केला. मोठ्या अडचणी तेवढ्यात दिसू लागतात, आणि पन्नास जणांना एकदा दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखवून, दुरुस्त करून, पुन्हा पाच जणांना दाखवणं फायद्याचं. मात्र ‘पाचपैकी तिघे अडकले म्हणजे 60 टक्के’ असं ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, लिहू नका. पाच माणसांवरून टक्केवारी निघत नाही.

हे पाच जण तुमच्या वर्गातले नकोत. त्यांना तुमचं असाइनमेंट माहीत असतं आणि बटण कुठे असायला हवं हेही. मेसला नुकताच लागलेला एक, जुना एक, फोन मराठीत वापरणारा एक, नोकरी करणारा एक, आणि काका किंवा मावशी. काकांसाठी वेगळी स्क्रीन लागेल. त्यांना नावांची यादी सकाळी नको असते, आकडा हवा असतो: किती ताटं. नावं महिनाअखेरीला लागतात. शिवाय त्यांचे हात कणकेत असतात, म्हणून आकडा लांबून दिसला पाहिजे. ढोबळ हिशेब असा, की बघण्याच्या अंतराचा दोनशेवा भाग ही अक्षराची किमान उंची. 2 मीटरला 1 सेंमी. धुरा-वाफेच्या स्वयंपाकघरात दुप्पट धरा.

काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नका. ‘उद्या दुपारचा खाडा टाकून दाखवा’ म्हटलंत तर तो ‘खाडा टाका’ शोधून दाबेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. असं सांगा: ‘उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही घरी जाताय, परवा रात्री परत येणार. मेसला कळवायचंय.’ यात किती वेळची जेवणं बुडतात हे त्याने स्वतःच मोजायचं आहे. परवाच्या रात्रीपाशी बरेच जण अडखळतात: जेवायला पोचू की नाही? ती अडखळ तुमच्या क्रमात धरली होती का, हे तिथे कळतं.

सुरुवातीलाच सांगा, की तपासणी या कागदाची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. अडकला तर मनात दहा अंक मोजा. मग ‘आत्ता काय शोधताय?’ एवढंच विचारा. ‘वरती बघा ना’ म्हणायची अनिवार इच्छा होते. ती आवरणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड कौशल्य. त्याने ‘हे दाबलं तर काय होईल?’ असं विचारलं तर उलट विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं?’

लिहिणाऱ्याने मतं टिपायची नाहीत. बोट पहिल्यांदा कुठे गेलं, कुठे थांबलं, कोणता शब्द मोठ्याने वाचला, कुठून मागे फिरला, हे टिपायचं. एका माणसाला वीस मिनिटं पुरतात. संपल्यावर लगेच तिघांनी बसून अडचणींवर खुणा करा: पूर्ण अडकला, चुकून परत आला, नुसता घुटमळला. पहिल्या प्रकारच्या अडचणी आधी दुरुस्त करा. त्याच रात्री.

आता फिग्मा

360 × 800 ची फ्रेम घ्या. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान 48 डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर. अ‍ॅपलची शिफारस 44 पॉइंटची. दिसणारं चिन्ह लहान असलं तरी चालेल, दाबता येणारी जागा लहान नको. ‘खाडा टाका’ आणि ‘मागे घ्या’ एकमेकांना चिकटवू नका. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5:1 ठेवा, फिकट राखाडी अक्षरं लॅपटॉपवर सुंदर दिसतात आणि उन्हात नाहीशी होतात. नुसत्या लाल-हिरव्यावर अवस्था सांगू नका, सोबत शब्द हवा.

देवनागरीचे काही वेगळे नियम आहेत आणि इंग्रजीतून आलेले साचे ते पाळत नाहीत. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्या खाली नेऊ नका, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. तपासायला ‘गुरुवारी रात्री हॉटेलमध्ये कुर्मा’ असलं वाक्य टाका; वर-खाली दोन्हीकडचे फटकारे त्यात येतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या डीटीपी फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर फोनवर अगम्य इंग्रजी चिन्हं होऊन बसतो. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत. स्क्रीनसाठी मुक्ता निवडा.

टाइप करायला लावणं शक्य तिथे टाळा. ते टाळता येत नसेल तर कसं सोपं करता येतं, हे बघायला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला स्वरचक्र हा कीबोर्ड जरूर वापरून पाहा. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती चाकासारखी उमटते आणि हवी त्या दिशेला बोट सरकवायचं. शाळेत पाठ झालेला क्रम जशास तसा बोटाच्या हालचालीत उतरवला आहे. मराठीत इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे काय हे दाखवायला याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही.

फिग्मातला प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येणारा नमुना, फोनवरच चालवून बघा. लॅपटॉपवर माउसने सगळंच सोपं वाटतं.

स्क्रीनच कशाला?

एक पर्यायी सोडवणूक स्क्रीनशिवाय करा, शिक्षकांनी मागितली नसली तरी. मेसच्या दारात खिळ्यांची फळी, प्रत्येकाच्या क्रमांकाचा पत्रा, खाडा असेल तर उलटा फिरवायचा. नेट नको, चार्जिंग नको, काका एका नजरेत मोजतात. फक्त गावाहून खाडा टाकता येत नाही, आणि कुणीही कुणाचाही पत्रा फिरवू शकतो. हे समोर ठेवलं की तुमच्या अ‍ॅपने नेमकी कोणती भर घातली ते स्पष्ट सांगावं लागतं.

हात शिवशिवत असतील तर अर्डुइनो घ्या, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. 2005 साली इटलीतल्या इव्ह्रेआ इथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेतूनच तो आला, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. एक बटण, एक एलईडी, 220 ओहमचा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पट्टी). बटणाचं एक टोक बोर्डाच्या पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि प्रोग्राममध्ये आतला पुलअप (बटण मोकळं असताना पिन ‘हाय’ ठेवणारा आतला रेझिस्टर) चालू. दाबल्यावर पिन ‘लो’ वाचते, ‘हाय’ नाही, इथे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. ताटं मोजायचा आकडा एका दाबात दोन-तीनने वाढला तर प्रोग्राम चुकलेला नसतो: बटणातले पत्रे टेकताना क्षणभर थरथरतात. पहिल्या दाबानंतर 20 ते 50 मिलिसेकंद काही वाचू नका, आकडा ताळ्यावर येतो.

ज्युरी

रंगीत स्क्रीनपासून सुरुवात करू नका. तीस चौकोनांचा तक्ता ए-थ्रीवर छापा आणि मधोमध लावा. त्याच्या एका बाजूला कागदी फोन, दुसऱ्या बाजूला फिग्मा. प्रत्येक मोठ्या बदलाखाली एक ओळ: कोणत्या चाचणीत, कोण, कुठे अडकलं. नावं नकोत, ‘नोकरी करणारा, मेसला दुसरा महिना’ एवढं पुरे. ‘नेट गेलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. त्या चौकोनावर बोट ठेवा आणि ती चिठ्ठी कागदी फोनमध्ये सरकवून दाखवा. टाकून दिलेल्या स्क्रीनही तारीख घालून एका पाकिटात सोबत ठेवा. ‘हे बटण वरून खाली का आणलं?’ असं कुणी विचारलं की त्या काढाव्या लागतात.